न्यूरॉन : मज्जारज्जूतील निरोध पडद्यावर दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर

चेतापेशींच्या विद्युत्-वर्तनाची प्रतिकृती संगणकावर उभी करणारे ‘न्यूरॉन’ हे सॉफ्टवेअर अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जॉन मूर यांच्या प्रयोगशाळेत मायकेल हाइन्स यांनी केलेल्या कामातून आकाराला आले आणि पुढे येल विद्यापीठात वाढले. ते मोफत आहे, त्याचा स्रोत खुला आहे आणि पायथन ही प्रोग्रामिंग भाषा थोडीफार येत असेल तर साध्या लॅपटॉपवरही काम भागते. मज्जारज्जूतील प्रेरक (स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या) चेतापेशी निरोधक संदेशांनी कशा आवरल्या जातात, म्हणजेच त्यांचा निरोध (इन्हिबिशन) कसा होतो, हे शिकवण्यासाठी ते किती उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

चेताशास्त्रज्ञ जॉन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे मांजराच्या प्रेरक चेतापेशीत काचेचा सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून दाखवून दिले, की निरोधक संदेश पोहोचताच पेशीच्या आतील विभव (विद्युत्-दाब) अधिक ऋण होते. पाठ्यपुस्तकांतील आकृतीत हा खाली झुकणारा आलेख तेवढा दिसतो, आणि म्हणून निरोध म्हणजे केवळ विभव खाली ओढणे असा समज पक्का होतो. हा समज या सॉफ्टवेअरइतका चटकन दूर करणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

त्यासाठी पेशीकाय (पेशीचा मुख्य भाग) आणि एक लांब डेंड्राइट (संदेश घेणारी फांदी) एवढीच पेशी रचावी आणि तिला ‘पास’ ही सॉफ्टवेअरमधील तयार निष्क्रिय वाहकता द्यावी. तिचे विश्रांती-विभव आपोआप उणे ७० मिलिव्होल्ट येते. आता ‘एक्स्पसिन’ हा तयार सिनॅप्स (दोन चेतापेशींमधील संदेशाचा सांधा) निरोधक म्हणून घ्यावा. त्याचे उलट-विभव, म्हणजे ज्या विभवाला त्यातून निव्वळ प्रवाह वाहत नाही ते, उणे ७० ठेवून तो एकटाच चालवला, तर आलेखाची रेघ जागची हलत नाही. परंतु त्याच क्षणी डेंड्राइटवरचा उत्तेजक सिनॅप्स चालवला, की त्याचा उंचवटा खुजा झालेला स्पष्ट दिसतो, कारण उघडलेल्या वाहिन्यांतून उत्तेजनाचा प्रवाह मध्येच बाहेर गळतो. रेघ न हलवताही निरोध होऊ शकतो, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने आकडे बदलून पाहता येते, आणि माझ्या मते या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. निरोधक सिनॅप्स उत्तेजक सिनॅप्स आणि पेशीकाय यांच्या दरम्यान ठेवला, की तो डेंड्राइटच्या टोकाशी असतानापेक्षा अधिक प्रभावी ठरतो, हेही लगेच पडताळता येते.

मात्र येथे एक अडचण सांगायलाच हवी. डेंड्राइटचे किती तुकडे करायचे हे ठरवणारे ‘एनसेग’ मूळ मांडणीत १ असते. ते वाढवले नाही तर सिनॅप्स कोठेही ठेवला तरी तो मधोमधच धरला जातो आणि स्थानाचा फरक नाहीसा होतो. सॉफ्टवेअर याबद्दल कोणतीही सूचना देत नाही. दुसरे असे, की तयार मिळणारी ‘एचएच’ (हॉजकिन-हक्सली) ही विद्युत्-स्पंद निर्माण करणारी यंत्रणा स्क्विडच्या अक्षतंतूची आहे आणि मूळ तापमान ६.३ अंश सेल्सिअस धरलेले आहे, त्यामुळे सस्तन प्राण्याची प्रेरक पेशी म्हणून ती तशीच वापरणे चुकीचे ठरेल. प्रकाशित प्रतिकृती ‘मॉडेलडीबी’ या संग्रहात मिळतात. गंभीर कामाची सुरुवात तेथूनच करावी. सॉफ्टवेअरच्या पडद्यावरील जुन्या खिडक्यांची मांडणी किचकट आहे आणि एककांकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते: सिनॅप्सची वाहकता मायक्रोसिमेन्समध्ये, तर पेशीपटलाची सिमेन्स प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये द्यावी लागते.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी मी दोन प्रयोग आवर्जून सुचवेन. निरोधक वाहकता शून्य केली, की काजऱ्याच्या बियांतील स्ट्रिक्निन हे विष ग्लायसिन या निरोधक संदेश देणाऱ्या रसायनाचे ग्राही (ते टिपणारे रेणू) अडवते तेव्हा पेशीवर काय ओढवते याची कल्पना येते. धनुर्वाताचे विष ग्लायसिन बाहेर पडूच देत नाही, तेथेही पेशीच्या दृष्टीने परिणाम तोच. दुसऱ्या प्रयोगात उलट-विभव पायरीपायरीने उणे ८० वरून उणे ५५ पर्यंत आणावे. मज्जारज्जूला इजा झाल्यावर क्लोराइड बाहेर टाकणारी केसीसी२ ही पेशीपटलातील यंत्रणा दुबळी पडते, त्यामुळे उलट-विभव वर सरकते आणि निरोधाचा जोर ओसरतो, त्याचे हे ढोबळ रूप होय. क्लोराइड पेशीत क्षणोक्षणी कसे साचते हे दाखवायचे असेल, तर ‘एक्स्पसिन’ पुरत नाही, कारण त्यातील उलट-विभव स्थिर असते. तेवढा भाग ‘एनमोडल’ या न्यूरॉनसाठी नव्या यंत्रणा लिहिण्याच्या भाषेत स्वतः लिहावा लागतो.