टेन्स मशीन झोपून लावू नका

पाळी गेल्यावर अंगभर दुखणं, झोपूनही न जाणारा थकवा आणि शेवटी फायब्रोमायल्जियाचं निदान. मग पुण्यातल्या सर्जिकलच्या दुकानातून टेन्स मशीन, म्हणजे त्वचेवर पॅड चिकटवून विजेचा करंट देणारं, दुखणं कमी करायचं यंत्र, घरी येतं आणि महिन्याभरात कपाटात जातं. कारण ते पलंगावर पडून, हलक्या झिणझिण्यांवर लावलेलं असतं.

दोन चॅनेल, चार पॅडचं मशीन घ्यावं. फ्रिक्वेन्सी आपोआप बदलणारा मोड हवाच, कारण एकाच लयीची नसांना सवय होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०१ स्त्रियांच्या अमेरिकन अभ्यासात २ ते १२५ हर्ट्झचा बदलता करंट मानेच्या खाली पाठीवर आणि कंबरेवर, रोज दोन तास, चालती-फिरती असताना दिला होता. चार आठवड्यांनी हालचाल करतानाचं दुखणं आणि थकवा कमी झाला. करंट जोरदार पण सोसेल इतका ठेवायचा आणि दहा मिनिटांनी जाणीव बोथट झाली की एक टप्पा वाढवायचा.

तक्रारी बहुतेक पॅडच्याच असतात. बाम किंवा खोबरेल तेल लावलेल्या त्वचेवर ते चिकटत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत घामाने कड सुटते, सगळा करंट उरलेल्या जागेतून जातो आणि चटका बसतो. जागा साबणाने धुऊन कोरडी करा. जेल सुकलं असेल तर पाण्याचा एक थेंब पुरतो, पण ते मळलं की पॅड बदलाच. पॅडचा हा खर्च चालूच राहतो, मशीन घेतानाच तो धरा.

आता समुपदेशन. सीबीटीची, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाची, आठ ते बारा सत्रं लागतात. पहिल्याच भेटीत विचारा: कामाची विभागणी आणि झोप यांवर काम करणार का? नुसतं मन मोकळं करण्याने इथे भागत नाही. बरं वाटलं त्या दिवशी चकल्या, चिवडा, माळे सगळं उरकायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचं, हे चक्र तोडायचं असतं. पोळ्या पंधरा मिनिटं, मग पाच मिनिटं बसणं, दुखायची वाट न बघता, घड्याळ लावून. मशीन नेमकं त्या पंधरा मिनिटांत चालू ठेवा. हालचालीची भीती सत्रात बोलून सैल होते आणि करंटमुळे ती हालचाल प्रत्यक्ष जमते, म्हणून ही जोडी आम्हाला पटते. रात्री गरम वाफांनी झोप मोडत असेल तर तेही सांगा, सीबीटीचा त्यावरही उपयोग होतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना मात्र वेगळं भेटा. थायरॉईड तपासलं नसेल तर आधी ते.

पेसमेकर असेल तर टेन्स नको. फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गळ्यावर, छातीवर, बधिर त्वचेवर पॅड लावू नका आणि दुचाकी चालवताना मशीन बंदच ठेवा.

फरक मोजायचा तो जिना चढताना, ० ते १० मध्ये, मशीन लावून आणि न लावता. चार आठवड्यांत आकडा हललाच नाही तर पुढे पॅडवर पैसे घालू नका. फिजिओथेरपिस्टकडे आधी दोन-तीन वेळा लावून बघता आलं, तर विकत घ्यायची घाई नकोच.