छातीतला खड्डा, व्हॅक्यूम बेल आणि शस्त्रक्रियेचा निर्णय : १४ महिन्यांच्या वापरानंतर

ब्लाउजचं माप घेताना आमच्या शिवणकामवाल्या काकू टेप दोनदा लावतात. एकदा छातीवरून सरळ ताणून आणि एकदा मधोमध बोटाने आत दाबून. दोन्ही आकड्यांत फरक पडतो. त्या काही बोलत नाहीत, वहीत दोन्ही आकडे लिहितात आणि पुढच्या भागाला एक जादा टक्स घालतात. मी पंधरा वर्षांची असल्यापासून हे असंच चालू आहे. आज मी २७ वर्षांची आहे.

माझ्या छातीच्या मधल्या हाडाचा, म्हणजे उरोस्थीचा, खालचा भाग आत गेलेला आहे. आजी त्याला 'वाटी' म्हणायची. डॉक्टरी नाव पेक्टस एक्स्कॅव्हॅटम. बरगड्या आणि उरोस्थी यांना जोडणाऱ्या कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाडं, जास्त वाढतात आणि हाड आत ढकललं जातं असं मानतात. साधारण तीनशे-चारशे बाळांमागे एकाला हे असतं, मुलांमध्ये मुलींपेक्षा बरंच जास्त. वयात येताना उंची भराभर वाढते तेव्हा खड्डाही खोल होतो. माझा आठवीत वाढला. आमच्याकडे बाबांनाही आहे. बाबा मे महिन्यातसुद्धा घरात बनियन काढत नाहीत, हे मी लहानपणापासून बघत आले, पण त्याचं कारण मला माझी छाती आरशात बघून कळलं.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी व्हॅक्यूम बेल घेतली. तिच्याबद्दल मराठीत लिहिलेलं मला काहीच सापडलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. विकत घेतली ती छाती बरी दिसावी म्हणून. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

ही बेल म्हणजे सिलिकॉनची जाड, मऊ कड असलेली गोल वाटी. मध्ये पारदर्शक खिडकी, बाजूला नळी आणि हातपंप. छातीवर ठेवायची, पंप दाबून हवा काढायची, की आतलं हाड वर ओढलं जातं. खिडकीतून ते डोळ्यांना दिसतं. आजीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "अगं, ही तर तुंबडी!" तत्त्व तेच आहे. ती बनवणारा एकार्ट क्लोबे हा जर्मन अभियंता, आणि त्याला स्वतःला हाच खड्डा होता. वेगवेगळ्या मापांत मिळते, बायकांच्या शरीराला बसेल असा वेगळा आकारही आहे. मी तोच घेतला. परदेशातून मागवावी लागली, वर सीमाशुल्क भरलं, सगळं मिळून एका चांगल्या फोनएवढा खर्च झाला.

हात जोडून एक सांगते: ही वस्तू परस्पर मागवून लावू नका. माझ्या डॉक्टरांनी आधी ईसीजी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला. मारफान सिंड्रोम हा सांधे-रक्तवाहिन्या सैल करणारा जन्मजात आजार असेल, महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगलेली असेल, रक्त गोठण्याचा दोष असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर ही लावायची नसते. पहिल्यांदा ती डॉक्टरांसमोरच लावली.

पहिला आठवडा फक्त पाच-पाच मिनिटं. छातीवर कुणीतरी बसलंय असं नाही, उलट कुणीतरी आतून धरून उचलतंय असं वाटतं, आणि पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये ठणका लागतो. काढल्यावर गोल लाल चट्टा आणि त्यात बारीक रक्ताळलेले ठिपके. ते दोन दिवसांत जायचे. तिसऱ्या आठवड्यात मला घाई सुटली, पंप जरा जास्तच मारला आणि डाव्या हाताला करंगळीपर्यंत मुंग्या आल्या. हवा सोडली, थोड्या वेळात गेल्या. त्यानंतर मी कधीच जोर केला नाही. कमी दाब आणि जास्त वेळ, हेच चालतं. सहा महिन्यांनी मी सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास लावत होते, घरून काम असलं की ढगळ कुर्त्याखाली लावून मीटिंगलाही बसायचे. एप्रिल-मे मात्र कठीण गेले. घामाने कड सरकते, फुस्स आवाज होतो आणि सगळा दाब जातो. त्वचा कोरडी पडून सोलायची, रात्री साधं मॉइश्चरायझर लावून सकाळी धुऊन टाकायचं हा माझा उपाय.

खोली मोजायची माझी पद्धत साधी होती. फरशीवर उताणं झोपायचं, छातीवर आडवी पट्टी ठेवायची आणि दुसरी छोटी पट्टी खड्ड्यात उभी धरायची. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, बेल लावण्याआधी. माप आईने घ्यायचं, म्हणजे माझ्या आशेचा आकड्यात हात नको. सुरुवातीला २.६ सेंटिमीटर. सहा महिन्यांनी २.२. बाराव्या महिन्यात १.९. तेराव्या महिन्यात भावाच्या लग्नामुळे तीन आठवडे बेल कपाटात राहिली आणि एक तारखेला आईने वाचलं, २.१. आम्ही दोघी जरा वेळ गप्प बसलो.

म्हणजे उपयोग झाला का? झाला. काकूंच्या दोन आकड्यांमधलं अंतर कमी झालं. लग्नात मी जो ब्लाउज घातला त्याला जादा टक्स नव्हता, आणि गळा मी स्वतः निवडला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा ओढणी पिनेने खांद्याला न जखडता मी हळदीला वावरले. हा आनंद खरा होता, आणि तो किरकोळ होता असं कुणी म्हटलं तर मला मान्य नाही. मी अठरा वर्षांची असताना एका डॉक्टरांनी रिपोर्ट न बघताच आईला सांगितलं होतं, "नुसतं दिसण्यापुरतं आहे, लग्नात काही अडचण यायची नाही." ते वाक्य घेऊन आम्ही घरी आलो आणि सात-आठ वर्षं कुठेच गेलो नाही. दिसण्याचं दुःख दुःखच असतं. आणि त्यांनी 'दिसण्यापुरतं' म्हटल्यामुळे माझी दुसरी तक्रार मीच खोटी मानत आले.

ती तक्रार दम लागण्याची. मी पुण्यात राहते, मैत्रिणींबरोबर महिन्यातले दोन रविवार सिंहगड चढते. आतकरवाडीहून निघालं की पहिल्या टप्प्यानंतर सगळ्यांना धाप लागते, बसल्यावर त्यांची पाच मिनिटांत ओसरते. माझी ओसरत नाही. छातीत धडधड राहते, पुढे वाकलं की जास्त. मला वाटायचं माझा व्यायाम कमी पडतोय. म्हणून या १४ महिन्यांत बेलबरोबर मी आठवड्यातून चार दिवस व्यायाम केला, पोक काढण्याचे, पाठ बळकट करण्याचे प्रकार फिजिओथेरपिस्टकडून शिकले. आमच्यासारख्यांना खांदे पुढे ओढून खड्डा लपवायची सवय असते आणि त्याने तो आणखी खोल दिसतो. पोक गेला. पाय मजबूत झाले. गड चढायला मात्र पहिल्या महिन्यात १ तास २० मिनिटं लागत होती, बाराव्या महिन्यात १ तास १७.

एक गोष्ट मला हलवून गेली. बेल लावलेली असताना मी जिन्याचे तीन मजले चढून बघितले. हा प्रयोग डॉक्टरांना न विचारता केला, तुम्ही करू नका. पण वर पोचल्यावर ती धडधड नव्हती. खिडकीतून हाड वर आलेलं दिसत होतं, श्वास खालपर्यंत जात होता. मी जिन्यातच भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला रडू आलं. नऊ वर्षं मी स्वतःला आळशी म्हणत होते.

त्यानंतर मी मुंबईत छातीच्या शल्यचिकित्सकांकडे गेले. सीटी स्कॅनवरून हॅलर इंडेक्स काढतात: छातीची आतली आडवी रुंदी भागिले हाड आणि मणका यांतलं सगळ्यांत कमी अंतर. सर्वसाधारण माणसाचा अडीचच्या आसपास असतो, ३.२५ च्या वर गेला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. माझा ३.९. इकोत हृदयाचा उजवा कप्पा पुढून चेपलेला दिसला. मग ट्रेडमिलवर तोंडाला मास्क लावून प्राणवायूचं मोजमाप घेतलं. फुफ्फुसं जवळजवळ ठीक, पण मेहनत वाढली की हृदयाचा प्रत्येक ठोका पुरेसं रक्त पुढे टाकत नाही, म्हणून ते नुसते ठोके वाढवतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. तो कागद मी जपून ठेवलाय.

शस्त्रक्रियेचे दोन मुख्य प्रकार. जुनी रॅविच, १९४९ पासूनची, तिच्यात पुढून छाती उघडून वाढलेल्या कूर्चा काढतात. दुसरी 'नस' पद्धत, हे डॉक्टरांचं आडनाव. डोनाल्ड नस या बालशल्यचिकित्सकांनी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोक इथे ती १९८७ मध्ये सुरू केली आणि १९९८ मध्ये पहिल्या ४२ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. काखेखाली दोन्ही बाजूंना छोटे छेद, दुर्बिणीतून बघत हाडाच्या मागून वाकवलेली धातूची पट्टी सरकवायची, उलटवायची, की हाड पुढे येतं. पट्टी साधारण तीन वर्षं आत, मग दुसऱ्या छोट्या शस्त्रक्रियेने बाहेर. मोठ्या माणसांची छाती कडक असते, दोन पट्ट्या लागू शकतात. मला दोन सांगितल्यात. एक गंमत वाटली, हाड वर धरायला शस्त्रक्रियेच्या टेबलावरही काही ठिकाणी हीच बेल वापरतात.

धोके त्यांनी लपवले नाहीत. पट्टी सरकू शकते. संसर्ग होऊ शकतो. हृदयाला इजा होणं फार विरळ, पण झालेलं आहे. वेदना जबर असतात. त्यासाठी आता बरगड्यांमधले मज्जातंतू गोठवतात, प्रत्येक तंतू सुमारे दोन मिनिटं उणे साठ अंशांच्या खाली, म्हणजे पुढचे काही महिने छातीची कातडी बधिर राहते. बाईच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे मी आईशिवाय फक्त एका परिचारिकेशी बोलू शकले. ती खुर्ची ओढून समोर बसली आणि सगळं नीट सांगितलं. तिचे उपकार आहेत. आणि पट्टी आत असताना कधी हृदय बंद पडलं तर छाती दाबायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो, विजेचा शॉक द्यायचे पॅड एक पुढे आणि एक पाठीवर लावावे लागतात. म्हणून हातात तसं लिहिलेलं कडं घालायचं.

धातूचा प्रश्न माझ्या कानांनी सोडवला. खोटे दागिने घातले की माझे कान चिघळतात, हे मी सहज बोलले. डॉक्टर थांबले. ती बहुधा निकेलची अॅलर्जी असते आणि पोलादी पट्टीत निकेल असतं. पाठीवर पॅच टेस्ट केली, लाल झाली. आता टायटॅनियमची पट्टी लागेल. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय: कानातलं सोसत नसेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

पैशांचं दुःख वेगळं. आमच्या विमा कंपनीने पहिला अर्ज 'बाह्य जन्मजात व्यंग' म्हणून फेटाळला. पॉलिसीत ते वगळलेलं असतंच बऱ्याचदा, आपलं बाड काढून तो शब्द शोधा. हृदयावरच्या दाबाचे रिपोर्ट जोडून मी पुन्हा अर्ज केलाय. मंजूर होईल असं गृहीत धरलेलं नाही. बाबांनी एक मुदत ठेव मोडली.

घरात विरोध बाबांचाच होता. "मी साठ वर्षं जगलो ना याच छातीने," असं ते म्हणायचे. मी वाद घातला नाही. रिपोर्टच्या दिवशी त्यांना बरोबर नेलं. डॉक्टरांनी कप्प्याचं चित्र दाखवलं तेव्हा बाबांनी हळूच विचारलं, "जिना चढताना धडधडतं ते याच्यामुळेच?" ते स्वतःबद्दल विचारत होते. त्यांचाही इको आता झालाय.

मी शस्त्रक्रिया करून घेतेय, दिवाळीनंतर. नुसत्या दिसण्याचा प्रश्न असता तर मी बेलवर थांबले असते, हे मला आता ठामपणे माहीत आहे, कारण त्या बाबतीत बेलने मला पुरेसं दिलं. शस्त्रक्रियेनंतर गडावर काय होईल याची हमी डॉक्टरांनी दिलेली नाही. दाब निघेल एवढंच ते म्हणाले. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, अंग पिळायचं नाही, उताणंच झोपायचं, स्कूटर बंद. ऑफिसात रजा टाकलीय.

बेल घ्यावी का, तर माझ्या वयात, कडक छातीला, सोडली की मागे जाते हे समजून घ्या. पण वय अकरा किंवा कमी, खोली दीड सेंटिमीटर किंवा कमी, छाती लवचिक आणि वर्षभराहून जास्त नेटाने वापर, अशा मुलांना चांगला फायदा होतो असं नॉरफोकच्याच डॉक्टरांनी २०१८ मध्ये मांडलंय. हे वाचल्यावर मी चुलतभावाच्या मुलाला फरशीवर उताणं झोपवलं. तो नऊ वर्षांचा आहे. आईनेच पट्टी धरली. १.२ सेंटिमीटर.

त्याच्या तपासण्या झाल्या, त्याची लहान मापाची बेल मागच्या आठवड्यात आली. संध्याकाळी तो माझ्या शेजारी बसतो, माझी लावलेली असते, त्याची त्याला लावून देते. पंप त्याला स्वतःलाच दाबायचा असतो. चारच वेळा, असं सांगून ठेवलंय. तो मोठ्याने मोजतो, आणि चार झाले की खिडकीतून आत वाकून बघतो, हाड वर आलं का.