आर्ट लेदर सीट आणि सीटखालची पिवळी वायर

उन्हाळ्याच्या तोंडावर हॅचबॅकच्या सीट आर्ट लेदरच्या, म्हणजे कृत्रिम चामड्याच्या, करून घेतल्या. आता दिवाळी होऊन गेली, त्यामुळे लिहायला हरकत नाही. लेदरचं म्हणाल तर शिलाई अजून टाइट आहे आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बसलं की चटका बसतो. खरं सांगायचंय ते सीटच्या आत काय असतं त्याबद्दल.

पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला साइड एअरबॅग आहेत. ती शिवण फाडून बाहेर येते, म्हणून तिथे साधं बंद कव्हर चढवून चालत नाही. पहिला दुकानदार म्हणाला, "काही होत नाही साहेब, सगळे बसवतात." दुसऱ्याने कव्हर उलटं करून दाखवलं: बाकी सगळीकडे जाड दुहेरी दोरा, तेवढ्या पट्ट्यात बारीक एकेरी. काम त्याला दिलं. अर्थात ती शिवण ऐनवेळी फाटेल का, हे घरी तपासता येत नाही. कंपनीच्या यादीत तुमच्या मॉडेलचं कव्हर असेल तर महाग पडलं तरी आधी ते बघा.

सीट काढताना कारागिराने आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, चहा पिऊन आला, मगच सीटखालच्या पिवळ्या कपलरला, म्हणजे एअरबॅगच्या पिवळ्या वायरच्या जोडाला, हात लावला. सिस्टीममध्ये थोडा वेळ चार्ज राहतो, म्हणून हे थांबणं. कपलर सुटा असताना इग्निशन चालू करायचं नाही, सिस्टीमच्या मेमरीत एरर साठतो.

गडबड झाली ती सीटच्या बसायच्या भागात. को-ड्रायव्हर सीटच्या फोमवर, कापडाखाली पातळ सेन्सर मॅट असते. १ जुलै २०१९ पासून पुढच्या दोन्ही सीटना बेल्टचा अलार्म सक्तीचा आहे, त्यासाठी ती. कारागिराने मऊ वाटावं म्हणून वरून जादा फोम टाकला. बेल्ट न लावता मी बसलो की अलार्म वाजायचा, आई बसली की गप्प! फोम वजन पसरवतो, मॅट पुरेशी दबत नाही. जादा थर काढायला लावला, तेव्हापासून ठीक आहे.

माझ्या गाडीत मॅटचं काम एवढंच. पुढची एअरबॅग बंद करायला वेगळा किल्लीचा स्विच आहे. न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या गाडीत मात्र सीटच वजन जोखते आणि लहान मूल बसलं की एअरबॅग आपोआप बंद करते. तशा सीटचा फोम बदलला तर कॅलिब्रेशन, म्हणजे वजनाचा सेन्सर पुन्हा जुळवून घेणं, लागतं. तिकडचे व्हिडिओ बघून इथे उद्योग करू नका.

पावसाळ्यात एअरबॅगची लाइट लागली. ओळखीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "रेझिस्टन्स टाकतो, लाइट जाईल." म्हणजे एअरबॅगच्या जागी रेझिस्टन्स जोडून सिस्टीमला फसवायचं. लाइट जाईलच, पण त्या कपलरवरची एअरबॅगही कायमची जाईल! म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. सीट पुढे-मागे होताना सैल झालेला कपलर त्यांनी नीट बसवला आणि स्कॅनर लावून एरर काढला. आता सीटखाली पाण्याची बाटली, छत्री काही ठेवू देत नाही, आणि वॉशिंगवाल्याला व्हॅक्यूमचा पाइप तिथे घालायला बंदी आहे.