जळगावला मानसोपचार क्लिनिकमध्ये नानांना दाखवलं, त्याचा अनुभव
आमच्या नानांचा ठाम समज, शेजारचा रात्री आपल्या केळीच्या बागेत विष टाकतो, बाकी हिशोब चोख, बाजारहाट चालू, म्हणून घरचे म्हणे बाहेरचं काहीतरी असेल. इथल्या डॉक्टरांनी घाईघाईत स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारला नाही हे फार आवडलं. कानात आवाज येतात का, झोप, दारू, विसरणं, सगळं विचारलं, थायरॉईड तपासलं, मला वेगळं बसवून पण विचारलं. मग म्हणाले डिल्युजनल डिसऑर्डर, म्हणजे बाकी वागणं ठीक पण एखादा खोटा समज मनात पक्का बसलेला, त्यातला छळाचा संशय असलेला प्रकार, अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकाप्रमाणे (डीएसएम-५) भ्रम किमान १ महिना लागतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११) साधारण ३ महिने. नानांशी वाद घालू नका, हो ला हो पण करू नका असं बजावलं. गर्दी खूप असते, नंबर सकाळीच लावा.