वजन न लावता टाकायचे रबरी गांडूळ: पाच इंची सेन्को तीन हंगाम वापरल्यानंतर

नॉर्थ कॅरोलायनातील कॅरी आणि मॉरिसव्हिल या गावांच्या आसपास बास या गोड्या पाण्यातील शिकारी माशाची मासेमारी करायची, तर जागांची वाण नाही. जॉर्डन, हॅरिस आणि फॉल्स हे तिन्ही मोठे जलाशय गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या टप्प्यात आहेत आणि गावातल्या गावात बाँड पार्कचे छोटे तळेही आहे. अडचण येते ती सामान निवडताना. दुकानात ल्यूरची, म्हणजे कृत्रिम आमिषांची, आख्खी भिंत समोर उभी राहते आणि नवख्या माणसाला त्यातले काय घ्यावे, हे कळत नाही. बोट नसलेल्या, काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकणाऱ्या माणसाने सुरुवातीला एकच वस्तू घ्यायची असेल, तर ती कोणती, या प्रश्नाचे माझे उत्तर मी येथे सविस्तर मांडतो. ते उत्तर म्हणजे गॅरी यामामोटो कस्टम बेट्स या कंपनीची पाच इंची सेन्को.

दिसायला या वस्तूत काहीच नाही. तिला शेपूट नाही, पाय नाहीत, डोळे रंगवलेले नाहीत. मऊ प्लास्टिकची, साधारण बॉलपेनएवढ्या जाडीची, दोन्ही टोकांकडे थोडी निमुळती होत गेलेली ती एक कांडी आहे. मात्र पाकीट उघडून एक कांडी तळहातावर घेतली की, तिच्या आकाराच्या मानाने ती जड लागते आणि बोटांना मिठाची बारीक कच लागते. तिचे सगळे मर्म या मिठात आहे. प्लास्टिकमध्ये भरपूर मीठ मिसळल्यामुळे तिची घनता वाढते, त्यामुळे शिशाचे वजन न बांधताही ती लांब फेकता येते आणि पाण्यात पडल्यावर डोके खाली करून न बुडता आडवी राहून, दोन्ही टोके हलकेच थरथरवत खाली जाते. बासचा पुष्कळदा याच बुडण्याला प्रतिसाद मिळतो. आपण रीळ फिरवून तिला नाचवायचे नसते, तिला बुडू द्यायचे असते, आणि हे एकदा पटले की अर्धे काम झाले. ही कंपनी मूळची अ‍ॅरिझोनातील पेज या गावची, म्हणजे लेक पॉवेलच्या काठची. सेन्को १९९०च्या दशकात बाजारात आली आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीने तशाच आकाराची कांडी काढली.

ती ओवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत आणि दोन्ही शिकून घ्याव्यात. पहिली टेक्सास पद्धत. हिच्यात गळाचे टोक कांडीच्या डोक्यातून थोडे आत घालून बाजूने बाहेर काढतात, मग गळ फिरवून तेच टोक पुन्हा कांडीच्या अंगात दडवतात. पाच इंची कांडीला रुंद वळणाचा ३/० किंवा ४/० क्रमांकाचा गळ बरोबर बसतो. टोक दडलेले असल्यामुळे गळ पाणवनस्पतींत आणि बुडालेल्या फांद्यांत सहसा अडकत नाही. दुसऱ्या पद्धतीला येथे वॅकी म्हणतात. तिच्यात १/० किंवा २/० चा गळ कांडीच्या बरोबर मध्यावर आडवा टोचतात, त्यामुळे बुडताना दोन्ही बाजू पंखांसारख्या वरखाली होतात. उघड्या पाण्यात, धक्क्याच्या खांबांजवळ आणि वसंतात मासे उथळ पाण्यात आलेले असताना वॅकीइतका भरवशाचा प्रकार मला दुसरा सापडलेला नाही. कांडी ओवताना एकच काळजी घ्यायची, ती म्हणजे टेक्सास पद्धतीत ती गळावर अगदी सरळ बसली पाहिजे. किंचित जरी वाकली, तरी ती पाण्यात गरगरते, दोराला पीळ पडतो आणि ते आडवे, शांत बुडणे राहत नाही.

कांडीइतकेच महत्त्व दोराला आणि रॉडला आहे. सात फुटांचा, मध्यम ताकदीचा आणि टोकाकडे लवकर वाकणारा स्पिनिंग रॉड, त्यावर २५०० आकाराचे रीळ, रिळावर दहा पौंडी (म्हणजे दहा पौंडांचा ताण सोसणारा) विणलेला दोर आणि त्याच्या पुढे सहा-सात फूट आठ किंवा दहा पौंडी फ्लोरोकार्बनचा पारदर्शक दोर, अशी माझी जुळणी आहे. विणलेला दोर ताणत नाही, म्हणून माशाने तोंड लावल्याचे हाताला लगेच कळते. तो रंगाने उठून दिसणारा घ्यावा, कारण सेन्कोला लागलेला मासा बहुतेक वेळा हाताला कळण्याआधी डोळ्यांना कळतो. फ्लोरोकार्बन पाण्यात फारसा दिसत नाही आणि स्वतः बुडतो, त्यामुळे कांडीच्या खाली जाण्याला अडथळा होत नाही.

हे दोराकडे पाहण्याचे शिक्षण मला लहानपणी सांगलीला कृष्णेच्या काठी मिळाले. आमचे काका बांबूच्या काठीला दोर बांधून, गळाला खरे गांडूळ लावून घाटावर बसत आणि मला नेहमी सांगत, "काठीकडं बघू नकोस, दोर कुठं पाण्यात शिरतोय तिथं बघ, आणि एक बोट दोरावर असू दे." सेन्को वापरताना मी अक्षरशः तेच करतो. कांडी पाण्यात पडली की दोर किंचित सैल सोडतो आणि मनात दहापर्यंत मोजतो. पाच-सहा फूट खोल पाण्यात तेवढ्या अवधीत ती तळाशी टेकते. मग रॉडचे टोक हळूच फूटभर उचलतो, कांडी तळावरून उठते, पुन्हा सैल सोडतो, पुन्हा मोजतो.

हॅरिस तलावावरची मे महिन्यातील एक सकाळ सांगतो, म्हणजे मी काय म्हणतो ते स्पष्ट होईल. सुमारे ४,१०० एकरांचा हा तलाव शेअरन हॅरिस अणुवीज केंद्रासाठी बांधलेला आहे. त्याच्या काठाकाठाने पाणवनस्पतींचे दाट पट्टे असतात. नुकते उजाडले होते, वारा अजिबात नव्हता. वनस्पतींच्या दोन पट्ट्यांमध्ये खाटेएवढी मोकळी जागा होती, तिच्या पलीकडच्या कडेला मी टेक्सास पद्धतीने ओवलेली सेन्को टाकली. पिवळ्या दोराचे एक सैल वेटोळे पाण्यावर पडून राहिले होते. मी सहापर्यंत मोजले असेन, तेवढ्यात ते वेटोळे हलकेच सरळ होऊ लागले आणि दोर डावीकडे, वनस्पतींच्या दिशेने सरकू लागला. हाताला धक्का असा काहीच जाणवला नाही. बास तोंड झटकन मोठे उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो आणि मग चालू लागतो, त्यामुळे असे होते. मी सैल दोर गुंडाळून घेतला, रॉड एका झपाट्यात उचलला आणि त्यानंतर मात्र रिळाच्या ब्रेकचा जो आवाज सुरू झाला, तो थांबायला बराच वेळ लागला. मासा अठरा इंचांचा भरला. त्याच्या खालच्या जबड्याला अंगठा लावून, पोटाखाली दुसऱ्या हाताचा आधार देऊन मी तो पाण्यात धरला आणि त्याने शेपटी मारताच सोडून दिला.

रंगांच्या बाबतीत नवख्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण कंपनीने रंगांना क्रमांक दिलेले आहेत आणि यादी लांबलचक आहे. मी तीनच बाळगतो. २९७ म्हणजे काळे ठिपके असलेला गडद भोपळी हिरवा, हा वर्षातील बहुतेक दिवस चालतो. १९४ म्हणजे काळ्या ठिपक्यांचा कलिंगडी हिरवा, हा निवळ पाण्यात आणि उन्हाच्या दिवशी. ०२१ म्हणजे निळ्या चमकीचा काळा, हा गढूळ पाण्यासाठी. जॉर्डन तलाव सुमारे चौदा हजार एकरांचा आहे आणि त्याला हॉ नदीचे पाणी येते. मोठा पाऊस पडून गेला की येथील तांबड्या मातीचे पाणी तलावात उतरते आणि हातभर खालचेही दिसेनासे होते. अशा दिवसांत हिरव्या कांडीने मला तासन्‌तास काही मिळाले नाही आणि त्याच जागी काळी कांडी बांधल्यावर मासे लागले, असे एकापेक्षा जास्त वेळा झालेले आहे.

आता मर्यादा. मऊपणा आणि मीठ या दोन गोष्टींमुळे ही कांडी इतकी उत्तम बुडते आणि त्याच दोन गोष्टींमुळे या प्रकारच्या सगळ्याच कांड्या लवकर फाटतात. दोन-तीन मासे लागले की वॅकीने ओवलेली कांडी मध्ये तुटते. दहा कांड्यांच्या पाकिटाला आठ डॉलरांच्या आसपास पडतात, तेव्हा चांगल्या दिवशी अर्धे पाकीट संपणे खिशाला जाणवते. यावर साधा उपाय आहे. कांडीच्या मध्यावर रबराची बारीक गोल चकती चढवावी आणि गळ कांडीत न टोचता चकतीखालून घालावा. एक कांडी त्यामुळे कितीतरी जास्त मासे टिकते. टोक फाटलेली कांडीही टाकून देऊ नये. फाटका भाग कापून उरलेली साडेतीन-चार इंची कांडी लहान गळावर, थंडीच्या दिवसांत उत्तम चालते. पूर्ण निकामी झालेले तुकडे मात्र पाण्यात किंवा काठावर कधीही टाकू नयेत. ते पाण्यात विरघळत नाहीत आणि मासे ते गिळतात. मी त्यांच्यासाठी खिशात एक जुनी पिशवी ठेवतो.

दुसरी मर्यादा वाऱ्याची. वजन नसलेल्या कांडीमागचा दोर वाऱ्याने धनुष्यासारखा फुगतो आणि मग तळाशी काय चालले आहे, ते काहीच कळत नाही. तिसरी मर्यादा खोलीची आणि विस्ताराची. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात दुपारी मासे पंधरा-वीस फुटांवर उतरतात, तेव्हा ही कांडी तेथे पोहोचेपर्यंत फार वेळ जातो, म्हणून त्या दिवसांत पुढे वजन लावावेच लागते. मोठ्या, अनोळखी पाण्यात मासे कुठे आहेत, हे आधी शोधायचे असेल, तर भराभर टाकून भराभर ओढता येणारे स्पिनरबेट किंवा क्रँकबेट या प्रकारचे ल्यूर हाती घ्यावे. सेन्को ही मासे जेथे आहेत, असा भरवसा आहे, तेथे थांबून वापरण्याची वस्तू आहे.

ठेवण्याबद्दलही सांगतो, कारण यात मी नुकसान करून घेतले आहे. बाजारात न फाटणाऱ्या, खूप ताणल्या जाणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या प्लास्टिकचे ल्यूरही मिळतात. ते आणि या मिठाच्या कांड्या मी एका उन्हाळ्यात एकाच डबीत ठेवल्या आणि आठवड्याने डबी उघडली, तेव्हा दोन्ही एकमेकांत वितळून चिकट लगदा झालेला होता. ही दोन प्लास्टिके एकत्र ठेवायची नसतात, हे मला ठाऊक असायला हवे होते. तेव्हापासून प्रत्येक रंग त्याच्या मूळ पाकिटात, सपाट ठेवतो. गाडीतल्या उष्णतेने कांडी वाकली असेल, तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून सपाट जागी ठेवली की ती पुन्हा सरळ होते.

मुलांसाठी घेणार असाल, तर स्वस्तात मिळणारे मोठे संच टाळावेत. मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला मी ऑनलाइन असाच एक संच मागवला होता. त्यात पन्नासहून जास्त रंगीबेरंगी ल्यूर होते आणि दोन खेपांनंतर त्यांतल्या निम्म्यांच्या गळांना गंज चढला. त्याच पैशांत सेन्कोची दोन पाकिटे, चांगल्या गळांचे एक पाकीट आणि रबरी चकत्या आल्या असत्या. पुढे बाँड पार्कच्या तळ्यावर मी त्याच्या हातात वॅकीने ओवलेली एक कांडी दिली आणि फक्त दोराकडे पाहायला सांगितले. चौथ्या की पाचव्या फेकीला तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, दोर चाललाय." मी म्हटले, "आधी सैल गुंडाळ, मग उचल." मासा लहान होता, पण तो त्याने स्वतः पाहून, स्वतः लावलेला होता.

कायद्याचे थोडक्यात. या राज्यात सोळा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, मोठ्यांना वाइल्डलाइफ रिसोर्सेस कमिशनचा परवाना काढावा लागतो. किती आणि केवढे मासे ठेवता येतात, याचे नियम तलावागणिक बदलतात, तेव्हा ते दरवर्षी पाहून घ्यावेत.

आपल्याकडील मंडळी हटकून विचारतात, की हा मासा खायला कसा आहे. लार्जमाउथ (मोठ्या तोंडाच्या) बासमध्ये पाऱ्याचे प्रमाण जास्त आढळत असल्यामुळे राज्याच्या आरोग्य विभागाची सूचना आहे, की १५ ते ४४ वयाच्या आणि गरोदर स्त्रियांनी तसेच १५ वर्षांखालील मुलांनी तो खाऊ नये. मॉरिसव्हिलच्या लेक क्रॅबट्रीवर तर पीसीबी या रसायनामुळे वेगळा इशारा लावलेला आहे. आम्ही सगळेच मासे सोडतो आणि सोडायचे आहेत, हे मनात ठेवूनच सेन्को वापरतो. दोर हलला, की वाट पाहत बसायचे नाही. उशीर केला, तर मासा ती पार घशात घेतो आणि मग गळ काढताना त्याला इजा होते. म्हणून मी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करतो आणि लांब चिमटा गळ्यात अडकवलेला ठेवतो. यामुळे काही मासे सुटून जातात, ते मला चालते.

यंदाच्या वसंतासाठी २९७ची तीन आणि ०२१चे एक, अशी चार पाकिटे मी मागवून ठेवली आहेत. १९४चे गेल्या वर्षीचे अजून अर्धे शिल्लक आहे.