गाडीतला सॅटेलाइट रेडिओ: फुकटचे तीन महिने संपले, आता पैसे भरायचे का?

अमेरिकेत नवी गाडी घेतली की साधारण तीन महिने सिरियसएक्सएम, म्हणजे उपग्रहावरून थेट गाडीत ऐकू येणारा रेडिओ, फुकट मिळतो. बऱ्याच डीलरांकडून जुनी गाडी घेतली तरी मिळतो. सुरुवातीला कुणी त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही. मुदत संपत आली की मात्र पत्रं, ईमेल आणि फोन सुरू होतात, आणि मग घरात विषय निघतो: ठेवायचा की सोडायचा?

माझं मत आधीच सांगून टाकते. छापील दराने बहुतेक मराठी घरांनी हा घेऊ नये. सवलतीच्या दराने, ठरावीक प्रकारे गाडी चालवणाऱ्यांनी जरूर घ्यावा. हे ‘ठरावीक प्रकारे’ म्हणजे काय, यावरच सगळा निर्णय आहे.

अमेरिकेत ही सेवा देणारी कंपनी एकच. एक्सएम २००१ मध्ये सुरू झाली, सिरियस २००२ मध्ये. दोघीही तोट्यात होत्या आणि २००८ मध्ये एक झाल्या. आज तिचे सुमारे तीन कोटी तीस लाख ग्राहक आहेत. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा दर दाखवून घासाघीस करण्याची सोय नाही. घासाघीस होते ती ‘मग बंद करा’ एवढ्याच शब्दांवर, आणि ती चांगली होते. त्याबद्दल पुढे.

पुण्या-मुंबईत ज्यांनी वर्ल्डस्पेस वापरला असेल त्यांना ‘सॅटेलाइट रेडिओ’ म्हटलं की खिडकीत ठेवलेला, उपग्रहाच्या दिशेने नेमका वळवलेला अँटेना आठवेल. त्यातल्या ‘गांधर्व’ वाहिनीवर रात्री उशिरा लागणारं शास्त्रीय संगीत आठवेल. ती कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा बंद पडली. वर्षाचे पैसे आधीच भरलेल्यांची पंचाईत झाली ती वेगळीच. धावत्या गाडीसाठी ती व्यवस्था सोयीची नव्हती. अमेरिकेतली व्यवस्था मुळातच गाडीसाठी उभी केलेली आहे: उपग्रहांचा जोरदार सिग्नल, टपावर छोटा अँटेना, आणि शहरांत उंच इमारतींच्या आड सिग्नल अडतो तिथे तोच सिग्नल पुढे पाठवणारे, जमिनीवर बसवलेले रिपीटर. भारतात आज गाडीसाठी अशी सेवाच नाही, त्यामुळे हा सगळा हिशेब अमेरिकेत राहणाऱ्यांपुरता.

सिग्नल: जिथे खरा फरक पडतो

सॅटेलाइट रेडिओची खरी स्पर्धा खिशातल्या फोनशी आहे. एडिसनहून प्रिन्स्टनला, फ्रीमाँटहून सॅन होजेला किंवा नेपरव्हिलहून शिकागोला रोज जाणाऱ्याला फोनचं नेटवर्क जवळजवळ कधीच सोडत नाही. डेटाचाही प्रश्न नाही. १६० केबीपीएसने गाणी ऐकली तर तासाला साधारण ७२ एमबी लागतात. रोज तासभर, महिन्याचे बावीस कामाचे दिवस धरले तरी दीड-पावणेदोन जीबीच्या पुढे जात नाही. अनलिमिटेड प्लॅन असेल तर मोजायचंही कारण नाही. अशा माणसाने उपग्रहासाठी वेगळे पैसे मोजणं म्हणजे घरी नळाला पाणी असताना टँकर मागवणं.

पण वायोमिंगमधून आय-८० धरा, नेवाडात यूएस-५० वर जा, पश्चिम टेक्ससमध्ये आय-१० वरून एल पासोकडे निघा, किंवा यलोस्टोनच्या आत शिरा. तिथे फोन मैलोन्‌मैल मुका होतो. एफएमवर एखादं चर्चचं स्टेशन आणि एखादं कंट्री म्युझिकचं, तेही खरखरत. अशा ठिकाणी उपग्रहाचं आकाश मात्र मोकळं असतं, आणि डेन्व्हरला लावलेली वाहिनी सॉल्ट लेक सिटीपर्यंत तीच राहते. वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँकच्या दुर्बिणीभोवती तर रेडिओ शांतता राखण्यासाठी १९५८ पासून मोठा राखीव टापू आहे. दुर्बिणीच्या अगदी जवळच्या भागात मोबाइलचं नेटवर्कच नाही. वरून येणाऱ्या उपग्रहाच्या सिग्नलला मात्र तिथल्या टॉवरची गरज नसते.

याची दुसरी बाजू डीलर सांगत नाही. उपग्रह भूस्थिर आहेत, म्हणजे विषुववृत्तावर. अमेरिकेतून ते दक्षिणेकडे दिसतात. दक्षिणेला उंच डोंगर किंवा दाट झाडी असलेल्या रस्त्यावर आवाज तुटतो. बोगद्यात, पार्किंगच्या इमारतीत, मोठ्या पुलाखाली लाल दिव्याला थांबलात तरी तुटतो. सलग ४८ राज्यांत सेवा आहे, हवाईत उपग्रहाची नाही. आणि आवाजाचा दर्जा? मर्यादित फ्रीक्वेन्सीत शेकडो वाहिन्या कोंबल्या की प्रत्येकीच्या वाट्याला कमीच येतं. बोलण्याच्या कार्यक्रमांना ते चालतं. तबल्याची थाप किंवा तानपुऱ्याचा झंकार ज्यांना जसाच्या तसा हवा, त्यांना फोनवरून चांगल्या दर्जाने ऐकलेलं गाणं कितीतरी बरं वाटेल.

नव्या गाड्यांत ‘३६०एल’ नावाची मिश्र व्यवस्था येते: उपग्रह सुटला की गाडीच्या इंटरनेटवरून तीच वाहिनी चालू राहते. ती असेल तर पुलाखालचा त्रास बराच कमी होतो. विकत घेताना विचारून घ्या.

पैसे: छापील दर आणि खरा दर

भरपूर वाहिन्यांच्या पॅकेजचा छापील दर महिन्याला वीस ते पंचवीस डॉलरच्या घरात जातो. शिवाय संगीताच्या पॅकेजवर ‘म्युझिक रॉयल्टी फी’ नावाची रक्कम वेगळी लागत आली आहे, आणि ती किरकोळ नाही. म्हणून फोनवर बोलताना एकच प्रश्न: कर आणि सगळ्या फी धरून कार्डावर महिन्याला नेमके किती पडणार? वर्षाचे तीनशे डॉलर सहज होतात. दुसऱ्या गाडीसाठी दुसरं सबस्क्रिप्शन, थोड्या सवलतीने.

याच्या शेजारी स्पॉटिफाय ठेवा: एका माणसाला महिना बारा-तेरा डॉलर, आणि ते गाडीत, घरात, जिममध्ये, सगळीकडे. यूट्यूब म्युझिकचा दरही त्याच आसपास. अनेक घरांत यातलं एखादं आधीच चालू असतं, म्हणजे गाडीसाठीचा जादा खर्च शून्य. प्रवासाला निघण्याआधी घरच्या वायफायवर दोन-चारशे गाणी आणि पॉडकास्टचे भाग डाउनलोड करून ठेवले तर यलोस्टोनमध्येही अडत नाही. लायब्ररीचं कार्ड असेल तर लिबी अ‍ॅपवरून ऑडिओबुक फुकट. लांबच्या प्रवासात सॅटेलाइट रेडिओला मी मानते तो सगळ्यात कडवा प्रतिस्पर्धी हा आहे, आणि तो बहुतेकांच्या हिशेबातच नसतो.

आता खरा दर. फुकटची मुदत संपली आणि तुम्ही काहीच केलं नाही, की काही दिवसांनी पाच ते आठ डॉलर महिन्याची ऑफर हमखास येते, वर्षभरासाठी. चालू असलेलं बंद करायला फोन केलात तरी बहुधा तीच पुढे करतात. या दरात हिशेब पार बदलतो. मेख अशी की वर्ष संपलं की सबस्क्रिप्शन आपोआप पुढे चालू राहतं आणि छापील दर लागतो. फोनच्या कॅलेंडरमध्ये अकराव्या महिन्यावर आठवण लावून ठेवल्याशिवाय ही ऑफर घेऊच नका.

आणि बंद करणं? न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलने डिसेंबर २०२३ मध्ये याच मुद्द्यावर कंपनीवर दावा लावला: ग्राहकांना बाहेर पडायला मुद्दाम वेळखाऊ करून ठेवलंय म्हणून. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने रद्द करण्याची ही पद्धत केंद्रीय कायद्याच्या विरोधात असल्याचा निर्णय दिला. तेव्हा माणूस ‘आणखी एक ऑफर सांगू का’ म्हणाला तर नम्रपणे, पण तेच वाक्य पुन्हा म्हणत राहा. आपल्याकडच्या सुशिक्षित घरांत फोनवर नाही म्हणण्याचा संकोच फार; त्या संकोचाची किंमत इथे डॉलरमध्ये मोजावी लागते.

एक मधला मार्गही आहे. डिसेंबर २०२३ पासून कंपनीचं नुसतं अ‍ॅपवरचं सबस्क्रिप्शन मिळू लागलं, सुरुवातीचा दर ९.९९ डॉलर. त्यात उपग्रह नाही, फोनचं नेटवर्कच लागतं. वाहिन्या आवडल्या पण रानोमाळ भटकणं नाही, अशांसाठी ते छापील दराच्या गाडीच्या पॅकेजपेक्षा शहाणपणाचं.

ऐकायला काय मिळतं

खेळ हा या रेडिओचा सगळ्यात मजबूत भाग. बेसबॉलच्या मेजर लीगचा प्रत्येक सामना, एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलचे) सामने, आणि तेही आपल्या टीमच्या बाजूचे समालोचक निवडून. इथे वाढलेली आपली मुलं यँकीज किंवा फोर्टीनाइनर्सची भक्त असतात; त्यांना घेऊन रविवारी लांब गाडी चालवायची असेल तर हा पैसा वसूल होतो. बातम्यांच्या आणि गप्पांच्या वाहिन्या भरपूर आहेत. हॉवर्ड स्टर्न हा गाजलेला रेडिओ निवेदक २००६ मध्ये साध्या रेडिओवरून इकडे आला आणि त्याच्यामागे श्रोत्यांची रांग लागली. ट्रक चालवणाऱ्यांसाठी ‘रोड डॉग ट्रकिंग’ नावाची स्वतंत्र वाहिनी आहे, ती कधीमधी ऐकण्यासारखी असते. या देशातला माल कसा हलतो ते तिथे कळतं. संगीताच्या वाहिन्यांवर जाहिराती नसतात, आणि दर दशकाची वेगळी वाहिनी मिळते.

मराठी मात्र इथे शोधू नका. नाट्यगीत, अभंग, लावणी, नवं मराठी सिनेसंगीत यांसाठी फोनच. आकाशवाणीचं न्यूजऑनएअर अ‍ॅप फुकट आहे. उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळी साडेआठला ऑफिसला निघालात की पुण्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, आणि त्या वेळचं प्रसारण थेट गाडीत लागतं. माझ्या मते आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा हे अ‍ॅप कुठल्याही पॅकेजपेक्षा जास्त उपयोगी.

साध्या एफएमला कुणी या तुलनेत धरत नाही. धरायला हवं. एनपीआर या सार्वजनिक रेडिओची स्थानिक स्टेशनं, कॉलेजांची स्टेशनं, आणि गाडीत एचडी रेडिओ असेल तर त्याच फ्रीक्वेन्सीवर जादा वाहिन्या, सगळं महिन्याला शून्य डॉलरात. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात वीज आणि मोबाइल दोन्ही आडवे झाले तेव्हा अ‍ॅशव्हिलच्या लोकांना पाणी कुठे मिळतंय, कुठला रस्ता उघडा आहे हे तिथल्या सार्वजनिक रेडिओने सांगितलं. देशभर एकच वाहिनी ऐकवणारा उपग्रह हे काम करू शकत नाही.

मग कुणी काय करावं

शहरात रोजची ये-जा, सुट्टीत एखादी मोठी ट्रिप: सोडून द्या. ट्रिपच्या आदल्या रात्री डाउनलोड करा.

आठवड्यातून दोन-तीनदा राज्याबाहेर जाणारे, साइटवर फिरणारे इंजिनिअर, सेल्समधले, ट्रकच्या धंद्यात उतरलेले, मुलांना दूरच्या स्पर्धांना नेणारे पालक: घ्या, पण सवलतीच्या दरानेच. सारखी गाणी निवडायचा ज्यांना कंटाळा आहे, दुसऱ्या कुणी तरी लावावं आणि आपण ऐकावं असं वाटतं, त्यांनाही मी घ्या म्हणेन. फोनवरच्या प्लेलिस्टमध्ये तेच तेच फिरत राहतं, ही तक्रार खरी आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांची वेगळी गाडी असेल आणि त्यांना फोन गाडीला जोडणं जमत नसेल, तर बटण दाबलं की चालू होणारी ही गोष्ट त्यांच्यासाठी सोपी पडते. मात्र कार्ड तुमचं द्या आणि नूतनीकरणाचा ईमेलही तुमच्याकडेच येऊ द्या.

गाडी लीजवर असेल तर आणखी एक काम: गाडी परत करताना सबस्क्रिप्शन स्वतः फोन करून बंद करा. ते खात्याच्या मालकाच्या नावावर असतं, आणि किल्ल्या परत केल्या तरी कार्डावरून पैसे जात राहू शकतात.