स्पोक स्टेनलेसचे आहेत का? चुंबक की मिठाचं पाणी

चुंबक चिकटला की स्पोक नकली, हा समज बराच पसरलेला आहे आणि त्यापायी चांगले स्पोक नाकारले जातात. बहुतेक स्टेनलेस स्पोक ३०४ जातीच्या, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या पोलादाचे असतात. हे पोलाद मुळात चुंबकाला दाद देत नाही. पण थंड अवस्थेत ओढून त्याची बारीक तार काढताना आतली रचना काही प्रमाणात बदलते आणि ती तार चुंबकाकडे ओढली जाते. साधं पोलाद जास्त जोरात चिकटतं खरं, पण एवढ्या बारीक तारेत तो फरक हाताला नेमका कळत नाही. चुंबक अजिबात चिकटला नाही, तरच त्याचं उत्तर उपयोगी.

मिठाच्या पाण्याला वेळ लागतो, तरी माझा भरवसा त्याच्यावरच. एक सुटा स्पोक घ्या, नव्या पॉलिश पेपरने वरचा थर पूर्ण घासून काढा (जुन्या कानशीतले लोखंडाचे कण चिकटले तर तेच गंजून फसवतात), खारट ओल्या फडक्यात एक-दोन दिवस गुंडाळून ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद घासल्या जागी तांबूस गंजतं, मुलाम्यावर पांढरी भुकटी धरते. स्टेनलेस जवळपास तसंच राहतं.

चाकात बसवलेले स्पोक मात्र घासू नका.